दहावं अक्षर

समुद्रकाठच्या करंजपाड्यात तेव्हा आंद्रूबाबा नावाचे धर्मगुरू राहत होते. गळ्यात लाकडी क्रूस आणि पाय अनवाणी, अशी त्यांची स्वारी गावभर हिंडायची. त्यांच्या चर्चमध्ये गायनमंडळ होतं, आणि त्या मंडळाचे पास्कू मास्तर एका बाईपायी अगदी मेटाकुटीला आले होते.

बाई म्हणजे कतरीन, मासळी सुकवणारी. तिला लिहिता येत नसे, पण पवित्र मरियेवर ती दोन-दोन ओळींची गाणी रचायची. आईच्या जपमाळेचा एकेक मणी ओढत एकेक अक्षर मोजायची. जपमाळेत मण्यांचे दहा-दहाचे भाग असतात. हिच्या माळेच्या पहिल्या भागातला एक मणी मात्र कधीच हरवला होता. ओळ मोजायची ती याच भागावर, त्यामुळे हिची प्रत्येक ओळ नवाचीच! मास्तरांची चाल दहा अक्षरांची. दर रविवारी ओळ संपली तरी त्यांचा हात हवेतच राही, आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. ओळीच्या शेवटी एक ‘गे’ तेवढा लाव म्हणून मास्तरांनी तिला किती विनवलं, किती झापलं, चारचौघांत ‘लंगड्या ओळींची कतरीन’ असं नावही ठेवलं. ती खाली मान घालून एवढंच म्हणे, "मणीच नाही, तर अक्षर कुठं ठेवू, मास्तर?"

मास्तरांनी डोक्याला हात लावला आणि गाऱ्हाणं बाबांकडे नेलं. बाबा वैतागले, पण मास्तरांवर. "अहो, तेवढी जागा मरियामातेला राहू द्या की. आणि घंटेचा लोलक तुटून पंधरा दिवस झाले, तो लोहाराकडे कधी नेताय?" मास्तर म्हणाले, उद्या नेतो. दुसऱ्याची अक्षरं मोजण्यातून त्यांना सवड कुठली?

त्याच आठवड्यात एका सकाळी धुकं दाटलं. सात होड्या समुद्रावर होत्या, आणि एकीवर कतरीनचा नवरा इंत्रू. धुक्यात होड्या घंटेच्या आवाजावर किनारा गाठत, नाही तर खडकांवर जात. घंटा तर मुकी! किनाऱ्यावर चर्चपुढे जमून लोकांनी डबे बडवले, पण तो आवाज होड्यांपर्यंत पोचेना. मास्तर तुटका लोलक हातात धरून घामाघूम उभे होते.

बाबा कतरीनला म्हणाले, "मुली, तुझं गाणं म्हण."

"आज तरी ओळ पुरी म्हण, बाई," मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले.

कतरीनने माळ धरली.

माझी होडी तुझ्या ओटीत
वारा माये तुझ्या मुठीत

पहिल्या ओळीचा नववा मणी ओढून ती थांबली, आणि त्या रिकाम्या जागी मनोऱ्यात घंटेचा एक ठोका पडला. दुसऱ्या ओळीनंतर दुसरा. ती म्हणत राहिली, ठोके पडत राहिले. कोण वाजवतंय ते बघायला मास्तर धापा टाकत मनोरा चढले. वर कुणी नव्हतं. दोर हलत नव्हता. आणि लोलक त्यांच्याच हातात होता.

सातही होड्या किनाऱ्याला लागल्या. इंत्रूला पाहून कतरीन मटकन वाळूत बसली.

मास्तर खाली आले ते थेट बाबांच्या पायांवर कोसळले. बाबा जरा चिडूनच म्हणाले, "माझ्या कसले पाया पडता?"

मास्तर उठले. वाळूत बसलेल्या कतरीनपुढे त्यांनी लोलक ठेवला. "बाय, मोजण्यात माझंच चुकलं," असं म्हणून साऱ्या गावादेखत ते तिच्यापुढे वाकले.