लागलेल्या बोलाची कहाणी

ऐका बोलगौरी, तुमची कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं एका अंगणात दोन जावा राहत. थोरली म्हाळसा, धाकटी अंबू. म्हाळसेच्या पोटात माया आणि तोंडात मिरची. अंबूची कूस उजवली नव्हती, पण बाई मोठी जीव लावणारी. दोघी एका जात्यावर दळत, एका आडाचं पाणी शेंदत, एकीच्या घरी फोडणी पडली की दुसरीच्या घरी वाटी जाई.

पुढं काय झालं? म्हाळसेच्या सुनेला मुलगा झाला. बारसं निघालं. अंबू पहाटेपासून चुलीपुढं. पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, पाय नुसते लटपटत होते. दिवस कलला, पाळणा सजला, बायका जमल्या. बाळाला पाळण्याखालून द्यायचं, वरून घ्यायचं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणायचं. अंबूनं हौसेनं हात पुढं केले. तोच म्हाळसा ओरडली, "अंबू, तू नको! तू बाजूला बस!"

दमली आहे, जरा टेकू दे, एवढंच म्हाळसेच्या मनात. पण मन कुणाला दिसतं, बायांनो? बायकांनी ऐकलं ते वेगळंच. वांझेचा हात बाळाला नको. एकीनं दुसरीकडं पाहिलं, दुसरीनं पदर तोंडाला लावला. अंबूनं हात मागं घेतले. मागच्या दारानं घरी गेली आणि कडी लावून बसली.

पंगती उठल्यावर म्हाळसेला कळलं. "अगंबाई! माझ्या मनात तसलं काही नव्हतं." मग तिनं लाडू पाठवले, निरोप दिला, "माझ्या मनात काही नव्हतं." लाडू परत आले. मग लुगडं पाठवलं, निरोप दिला, "तूच भलतं मनाला लावून घेतलंस." लुगडं परत आलं. मग स्वतः गेली, दाराशी उभी राहिली, कुळस्वामिनीची शपथ घेतली, "माझं मन गंगेसारखं निर्मळ आहे." आता मला सांगा, लागलं अंबूला, आणि ही आपल्याच मनाचं कौतुक सांगते! दार कशाला उघडेल? नाही उघडलं.

म्हाळसेला घर खायला उठलं. एकटीनं जातं ओढवेना, पोळी फुगेना, घास गिळवेना. अंबूवाचून हिचं पान हलत नव्हतं, हे तिला आता समजलं.

असं करता करता श्रावण आला. एक म्हातारी दारी आली. "बाई, भूक लागली, काही घाल." म्हाळसा कढत पेज घेऊन लगबगीनं आली, उंबऱ्याला ठेचकाळली, पेज म्हातारीच्या पायावर सांडली. म्हातारी कळवळली. म्हाळसा धावली, गार पाणी ओतलं, तूप लावलं, फुंकर घातली. "फार भाजलं का हो आजी? कुठं कुठं भाजलं?"

म्हातारी म्हणाली, "मुद्दाम सांडलीस का ग?"

"नाही हो! देवाशपथ नाही."

"मग पाणी कशाला ओतलंस? माझ्या मनात नव्हतं, एवढं सांगून आत जायचं होतंस."

म्हाळसेला रडू कोसळलं. "आजी, मग मनाला काहीच मोल नाही का?"

"आहे तर! मुद्दाम ओतली असतीस, तर मी तुझ्या दारात टेकले असते का? मन बघायचंच. पण आधी पाय, मग मन. हा बोलगौरीचा वसा. आपल्या बोलानं समोरचीचं तोंड उतरलं, तर आपलं मन सांगत बसू नये. आधी विचारावं, कुठं लागलं? ती सांगेल ते मुकाट ऐकावं. चारचौघींत लागलं असेल, तर चारचौघींत पदर पसरावा. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये." एवढं बोलली आणि म्हातारी दिसेनाशी झाली.

म्हाळसा तडक अंबूच्या दाराशी गेली. "अंबू, तुला कुठं लागलं ग?"

कडी निघाली. अंबू म्हणाली, "जाऊबाई, पुढं केलेले हात सगळ्यांदेखत मागं घ्यावे लागले. वाटलं, हे हात आता कुठं ठेवू?"

म्हाळसेनं ऐकलं. ओठावर आलेलं गिळलं. म्हणाली, "माझ्या बोलानं झालं. चुकले ग." दोघी पोटभर रडल्या. मग अंबूनंच विचारलं, "तेव्हा मनात काय होतं हो तुमच्या?"

"तुझे पाय लटपटत होते. म्हटलं, टेकू दे जरा."

"अहो, मग तसं म्हणायचं!"

"तेवढी अक्कल असती तर मी म्हाळसा कशाला असते?"

शुक्रवारी म्हाळसेनं त्याच बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. सगळ्यांदेखत अंबूपुढं पदर पसरला. "माझं बोलणं हिला लागलं. चूक माझी." कुजबुजणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. मग तिनं बाळाला उचललं, अंबूच्या मांडीवर दिलं. बाळानं काय केलं? अंबूच्या नाकाला हात लावला, आणि नवंकोरं लुगडं भिजवून टाकलं. बायका धावल्या, "अगंबाई, दे इकडं, दे इकडं!" अंबूनं बाळ छातीशी धरलं. म्हणाली, "लुगडं काय, सुकेल मेलं! बाळ मी द्यायची नाही."

बोलगौरी जशी म्हाळसेला पावली, अंबूला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. ज्यांना लागलं त्यांना विचारणारं कुणी भेटो, ज्यांच्या मनात नव्हतं त्यांना विचारायची बुद्धी होवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी सांगितली, ऐकणारीच्या घरी सुफळ होवो, सांगणारीच्या तोंडी संपूर्ण होवो.