निळ्या गाडीचा लेप

गाड्यांना बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका सोसायटीत नवी निळी गाडी आली. आपल्या रंगावर कोणता लेप चढवून घ्यावा, हे तिला ठरवायचं होतं.

मेणाचा डबा म्हणाला, "मी झळाळी देईन, पण मला दर दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल."

पारदर्शक फिल्म म्हणाली, "खडा उडाला तर मी अंगावर घेईन, पण पुढे कधीतरी पिवळी पडेन."

सिरॅमिक लेपाची बाटली म्हणाली, "माझ्यावर चिखल टिकत नाही, पण खड्यापुढे माझं काही चालत नाही."

गाडीला तिघांचंही पटलं. तेवढ्यात तिला शेजारची जुनी काळी गाडी दिसली. उन्हात तिच्या अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकत होते.

"मावशी, हे कशाने झालं? खड्यांनी, की कावळ्यांनी?"

"नाही गं. मालक रोज सकाळी माझ्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसायचे. बारा वर्षं, एक दिवस चुकले नाहीत. फार जीव होता त्यांचा माझ्यावर."

इतक्यात निळ्या गाडीचे मालक जिना उतरून आले. त्यांच्या खांद्यावर नवंकोरं फडकं होतं. गाडी तिन्ही लेप विसरली आणि त्यांच्या हातात बादली आहे का, ते पाहू लागली.