आकृतीत राहून गेलेले घर

एकदा कापड रंगवणाऱ्या एका रंगशाळेच्या मालकावर मोठा बिकट प्रसंग आला. त्याच्या तांबड्या लुगड्यांचे नाव दूरदूरच्या बाजारपेठांत होते. पण अलीकडे कढईतून निघणाऱ्या कापडावर मधेच फिकट डाग आणि कडांना काळपट पट्टे दिसू लागले होते. गिऱ्हाईक तोंड फिरवू लागले. तेव्हा शेठजींनी गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींना बोलावणे धाडले. हे गुरुजी व्यवहाराचे चित्र काढण्याची विद्या शिकवीत. धंदा कुठलाही असो. काम कुठे सुरू होते, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते आणि कुठे अडते, हे ते जमिनीवर रांगोळीने मांडीत. एकेका कामाला एकेक घर, आणि घरांना जोडणाऱ्या रेघा. चित्र पुरे झाले, की मालकाला आपलाच धंदा पहिल्यांदा नीट दिसे.

गुरुजींनी आधी आपल्या पट्टशिष्याला पाठवले. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. तो रंगशाळाभर फिरला, ज्याला त्याला प्रश्न विचारले आणि अंगणात सुरेख आकृती काढली. कोरे कापड येते, घाटावर परीट ते धुतात, मग रंग धरावा म्हणून ते तुरटीच्या पाण्यात बुडवतात, मग लाल रंगाच्या कढईत, मग वाळवण. एकही रेघ वाकडी नव्हती. शेवटी घाटाच्या घरावर बोट ठेवून तो म्हणाला, "शेठजी, कापड नीट धुतलं नाही तर रंग धरत नाही. दोष इथे आहे."

शेठजींना दुसरे काय हवे होते? त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, की सूर्य मावळायच्या आत घाटावरच्या सगळ्या परटांनी आपला गाशा गुंडाळावा. शेजारच्या गावाहून नवे परीट आणायला माणूसही रवाना झाला.

परटांची मुकादमीण भिवरा अंगणात आली. तिला त्या रेघांमधले काही कळेना.

"दादा, यात आमचं घर कंचं?" तिने विचारले.

शिष्याने दाखवले.

"आन् या रांगोळीवरनं आम्ही जायाचं व्हय?"

शिष्याने बोट मागे घेतले. आपल्या बोटाखाली माणसे होती, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले.

तेवढ्यात गुरुजी येऊन पोचले. आकृतीभोवती सावकाश एक फेरी घालून त्यांनी विचारले, "यात शेठजी कुठे आहेत?"

"शेठजी मालक आहेत, गुरुजी. ते काम कुठे करतात?"

"इथे येतच नाहीत?"

"येतात ना. तुरटीतून काढलेल्या कापडाला ते शुभ म्हणून हात लावतात, मगच ते कढईत जातं. थोरल्या शेठजींपासूनची रीत आहे. ते काही काम नव्हे, म्हणून आखलं नाही."

गुरुजींनी आपल्या खांद्यावरचे स्वच्छ पांढरे उपरणे काढले, तुरटीच्या हौदात बुडवले, पिळले आणि तसेच गोळा करून शिष्याच्या पायाशी ठेवले. "शेठजींचा हात लागेपर्यंत याला कोणी शिवायचं नाही. तूही इथून हलू नकोस."

शेठजी वैतागले. "गुरुजी, पेठेत माझं दुकान उघडं आहे. जेवण उरकून येतो. आणि आलो, की आधी परटांना वाट दाखवतो."

ते निघून गेले. ऊन चढू लागले. नवे परीट येऊन पिंपळाखाली बसले. घाटावर भिवराची माणसे भांडीकुंडी बांधू लागली; कोणी मोठ्याने बोलत नव्हते, आणि तेच शिष्याला सोसवेना. त्याने खाली पाहिले. उपरण्याच्या बाहेर आलेल्या कडा वाळून ताठ झाल्या होत्या, आतला भाग ओलाच होता. ते झटकून पसरावे म्हणून त्याचा हात पुढे झाला, आणि तिथेच थबकला. गुरुजींनी आपल्याला इथे का उभे केले, ते त्याला कळले. कळल्यावर तर, हे शेठजींना सांगायचे कोणी, या विचाराने त्याला अधिकच भीती वाटली.

दिवस कलायला लागल्यावर शेठजी आले, उपरण्याला न बघताच हात लावला आणि म्हणाले, "झालं समाधान?" उपरणे कढईत गेले. बराच वेळ शिजल्यावर काठीने वर काढले, तर मधे फिकट डाग आणि कडांना काळपट पट्टे.

"हे उपरणं घाटावर गेलंच नव्हतं," गुरुजी म्हणाले.

शेठजींचा चेहरा उतरला आणि लगेच तापला. "म्हणजे माझ्या वडिलांच्या रीतीला तुम्ही अशुभ ठरवता?"

कढई ढवळणारे हात थांबले. गुरुजींनी शिष्याकडे पाहिले. शेठजींचा शब्द पंचक्रोशीत शेवटचा. ते बिथरले तर गुरुजींनाही त्या गावात थारा उरला नसता. पण घाटावरून भिवरा बघत होती.

"हातानं काही बिघडत नाही, शेठजी," शिष्य कसाबसा म्हणाला. "हाताची वाट बघत कापड पडून राहतं, कडा वाळतात, आत ओलं राहतं, त्यानं बिघडतं. थोरले शेठजी इथंच राहायचे. हौदातून कापड निघालं, की हात हजर. तुम्ही हल्ली दिवसभर पेठेत असता. माझी चूक झाली. परटांचा काही दोष नाही."

शेठजींनी उपरण्याची काळपट कड बोटांनी चाचपली. मग ते कोऱ्या कापडाच्या थप्पीपाशी गेले, वरच्या ठाणावर तळहात टेकला आणि हलकेच म्हणाले, "उद्यापासून हात इथंच लागेल. धुवायला जाण्याआधी." परटांकडे बघण्याचे धैर्य त्यांना झाले नाही. नव्या माणसांना जेवू घालून परत पाठवा, एवढेच त्यांनी मुनिमाला सांगितले. भिवराने कोणाचे आभार मानले नाहीत. तिने बांधलेले बोचके सोडले आणि ती घाटाच्या पायऱ्या उतरली.

परतीच्या वाटेवर शिष्याने विचारले, "गुरुजी, तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"डाग कशानं पडतात ते ठाऊक नव्हतं रे. आकृतीत सगळे चाकर दिसले आणि मालक दिसला नाही, तेव्हा शंका आली. चित्र काढायला सांगणारा माणूसच चित्रात नसला, की दोष खाली खाली घसरत जातो आणि ज्याला उलट बोलता येत नाही, त्याच्या घरात जाऊन बसतो. रीत, सवय, मर्जी, हीसुद्धा कामाची घरंच आहेत. कापड तिथंही थांबतं." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तू शेठजींना का वगळलंस?"

"आदरानं," शिष्य म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "नाही गुरुजी. भीतीनं."

गुरुजींनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी आणखी काही शिकवले नाही.

तुम्ही-आम्हीही आपापल्या कचेरीच्या कामाचे आराखडे मोठ्या हौसेने मांडतो. त्यात साहेबांचे घर आखताना हात आखडतो का, तेवढे प्रत्येकाने आपल्याशी तपासून पाहावे.