पुसून टाकलेला पाय

“बाकी सगळं छान आहे रे. पण पाय कुठे गेला?” इनास मास्तरांनी विचारलं.

यशोधन टिपणीस गोंधळला. “कुठला पाय, मास्तर?”

मास्तरांनी लॅपटॉपवरचं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं...

यशोधनला गोंधळायची सवय नव्हती, हे आधीच सांगायला हवं. कुणी फारसा न ऐकलेला जॅझ, ब्लूज, फ्यूजन हा त्याचा खास प्रांत. घरात दीड हजार तबकड्या, आणि त्यातली एकही शेजाऱ्यापाजाऱ्याने ऐकलेली निघाली असती तर त्याला झोप लागली नसती. ठाण्याच्या रसिक मंडळात कुणी चारचौघांना ठाऊक असलेलं नाव घेतलं, की याने नाक मुरडलंच म्हणून समजा.

असा हा गडी तीन वर्षं दर रविवारी वसईला मास्तरांकडे हजेरी लावत होता. मास्तर एके काळी मुंबईच्या हॉटेलांत क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी दोघा मित्रांना घेऊन त्यांनी एक तबकडी केली होती. कोळीवाड्यातल्या लग्नाची चाल, पण ब्लूजच्या अंगाने. शंभर प्रती निघाल्या. नव्याण्णव कुठे गेल्या, देव जाणे. उरलेली एक मास्तरांच्या कपाटात होती.

ती येत्या शनिवारी मंडळाच्या वार्षिक सभेत वाजवायची आणि इनास मास्तर कोण आहेत ते लोकांना दाखवून द्यायचं, हा यशोधनचा ध्यास होता. मास्तर वर्षभर नको म्हणत राहिले. शेवटी महिन्यापूर्वी म्हणाले, “घेऊन जा. नीट ऐक. मग बघू.”

नीट ऐक म्हटल्यावर यशोधनने काय केलं, तर तबकडी संगणकावर उतरवून धुऊन काढली. खरखर पुसली. करकर पुसली. आणि थोड्या थोड्या वेळाने येणारा तो मेला ‘ठक’, तोही एकेक करून वेचून काढला. तबकडीवर ओरखडा असला की दर फेरीला ठक वाजतंच, हे तो जाणून होता. जाणकार माणूस!

आज ते धुतलेलं गाणं त्याने मोठ्या ऐटीत मास्तरांना ऐकवलं होतं. आणि मास्तर पाय शोधत होते.

“अरे, त्या दिवशी आमचा ड्रमवाला तापाने पडला,” मास्तर अखेर म्हणाले. “हॉटेलात बशा धुणारा सिमाव आमच्यासाठी चहा घेऊन आला होता. त्याला म्हटलं, इथेच उभा राहा आणि पाय आपट. तो ठक म्हणजे सिमाव.”

यशोधनचा चेहरा खर्रकन उतरला. ‘तालवाद्य मुद्दाम टाळणारा धाडसी प्रयोग’ असा सहा पानी लेख त्याने याच तबकडीवर मंडळाच्या अंकात छापून आणला होता.

“काही बिघडलं नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “मूळ तबकडी आहे की. सभेत तीच लावतो.”

“लाव. तुला पुन्हा ओरखडाच ऐकू येईल.”

...

“मग सभेचं काय, मास्तर?”

“पाय परत आण आणि खुशाल सभा घे. नाहीतर नको.”

“पण सिमावना आता कुठे शोधू?”

“तो जाऊन वीस वर्षं झाली.” मास्तरांनी दाराकडे बोट दाखवलं. “बूट घाल.”

“घरात?”

“घाल म्हणतो ना.”

यशोधनने बूट घातले. भिंतीवर येशूची तसबीर, खाली लख्ख पुसलेली लादी, आणि मधोमध दीड हजार तबकड्यांचा धनी बूट घालून उभा. आयुष्यात कुणासमोर त्याने कधी चुटकीही वाजवली नव्हती.

मास्तरांनी लॅपटॉपचं बटण दाबलं.

यशोधनने मनात आकडे मोजत पाय आपटला. ठक. ठक. ठक. एक चुकला असेल तर शपथ.

मास्तरांनी गाणं बंद केलं. “घड्याळ आहेस का?”

पुन्हा सुरुवात. या वेळी तो क्लॅरिनेटच्या मागे धावला. क्लॅरिनेट पुढे, पाय मागे. दोघांची नुसती फरफट झाली.

“कुणाची वरात गाठायची आहे?” मास्तरांनी विचारलं.

यशोधनच्या कानशिलांवर घाम आला. लाज वाटली. रागही आला. सगळं सोडून पुढची गाडी पकडावी असं वाटलं. पण तो उभा राहिला.

तिसऱ्यांदा त्याने आकडे मोजले नाहीत.

चाल वर चढू लागली. अगदी वरच्या सुराशी क्लॅरिनेट किंचित कापलं. घाबरलं होतं. घाबरलेला माणूस पळतो तसं ते पळायला लागलं. हे त्याने शंभर वेळा ऐकलं होतं आणि लेखात त्याला ‘उत्कट द्रुतगती’ म्हटलं होतं.

या वेळी तो त्याच्यामागे धावला नाही. जागेवरच, जरा जड, पाय ठेवला. ठक. मी आहे इथे. ठक.

आणि क्लॅरिनेट परत आलं! त्या पायावर टेकलं, दम घेतला, आणि असं काही उसळून वर गेलं की यशोधनच्या अंगावर सरसरून काटा आला. स्वयंपाकघरात मास्तरांच्या सुनेने मिक्सर बंद केला. यशोधन हसत होता, रडत होता, आणि पाय आपटत होता. लादी दणाणत होती. गाणं संपलं तरी त्याचे दोन ठोके जास्तीचे पडले.

...

“मास्तर,” तो धापा टाकत म्हणाला, “तुम्ही तिथे घाबरला होतात.”

“फार.”

“सिमावनी धरून ठेवलं तुम्हाला.”

मास्तरांनी मान डोलावली. मग कपाटातून तबकडीचं जुनं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. “ने सभेला. हे दाखव. पण वाजव तू धुतलेलंच. पाय तू द्यायचा, सगळ्यांच्या देखत.”

तीन वर्षांत मास्तरांच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं ते ऐकायला मिळालं होतं. यशोधनने आनंदाने पाकीट छातीशी धरलं. आणि लगेच त्याला सभा दिसली. ठाण्याचं ते नाक मुरडणारं मंडळ, आणि त्यांच्यासमोर तो. मास्तर तर येणार नव्हते. गुडघ्यांनी त्यांना दोन वर्षांपासून घरातच बसवलं होतं.

“मास्तर... आणि तिथे माझाच पाय चुकला तर?”

मास्तर खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी लॅपटॉपमधल्या आपल्या क्लॅरिनेटकडे बोट दाखवलं.

“चुकलास तर मी सावरून घेईन की.”