राईतलं गाऱ्हाणं

“तिघांतलो कोण, येवढाच सांगा बुवानू. बाकी माका कायएक नको.”

बुवा रातांबे फोडत होते. देवराईतल्या देवळाचे हे पुजारी पायरीवर पाय सोडून बसले होते आणि कोकमाच्या रसाने हात मनगटापर्यंत लाल झाले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“खयचे तिघे?”

पुरुषोत्तम धुरी मनातल्या मनात चडफडला. अख्ख्या तालुक्यात चघळली जाणारी गोष्ट ह्या राईत पोचली नव्हती, की म्हातारा वेड पांघरत होता, देव जाणे.

गोष्ट अशी होती. यंदा पक्षाने उमेदवार वरून लादायचा नाही असं ठरवलं होतं. आमदारकीचं तिकीट कोणाला द्यायचं, हे तालुक्यातल्या शाखांनी आधी आपसात मतदान करून सांगायचं होतं. पुरुषोत्तम होता तालुकाध्यक्ष. शाखा म्हणत, भाऊ सांगतील ते. म्हणजे मतं गावोगावची असली तरी बोट एकट्याचंच होतं, आणि त्या बोटाचा त्याला भलताच अभिमान होता.

“एक डिंगणकर,” तो म्हणाला. “चिऱ्याच्या खाणी आसत तेच्या. तो इलो तर माका जिल्हाध्यक्ष करतलो.”

“बरा.”

“दुसरो तेजस. जुन्या आमदाराचो झील. बापाशीची माणसा तेच्या मागे आसत.”

“आनी?”

“आनी सुलभा मेस्त्री.”

हे नाव घेताना त्याने उगाच मानेवरचा घाम पुसला.

“वसंताची बायल?”

“व्हय. वसंत माझो दोस्त. मागच्या निवडणुकीत माझ्याच सांगण्यान प्रचाराक फिरा होतो. खाडीत होडी उलाटली… तुमका म्हायती आसा ता.”

बुवांनी एक रातांबा फोडला, बी टोपलीत टाकली, साल सुपात टाकली.

“माका कौल लावन द्या,” पुरुषोत्तम म्हणाला. “देव सांगात तसा करतंय. माझ्यार काय नको.”

कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी आधी पडते की डावी, ते बघायचं. ह्या भागात सोयरीक जमवण्यापासून विहीर खणण्यापर्यंत सगळं त्याच्यावर ठरतं. भाषणात ‘जनतेचा कौल’ म्हणून हात उंचावताना पुरुषोत्तमाला ह्या पाकळ्या कधी आठवल्या नव्हत्या. आज निवडायची पाळी त्याच्यावर आली, तेव्हा बरोबर आठवल्या.

“कौल मगे. आदी गाऱ्हाणा घाल.” गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय’ म्हणायचं.

“मी? गाऱ्हाणा तुमी घालूचा.”

“तिकीट माका देवचा आसा?”

पुरुषोत्तमाला अडचण सुचली आणि बरंही वाटलं.

“पण बुवानू, गाऱ्हाण्याक माणसा लागतत. मी एकेक शब्द बोलतलंय, पण ‘व्हय म्हाराजा’ कोण म्हणतलो? मी एकटोच इलंय.”

ते खरं होतं. कोणाला कळू नये म्हणून गाडी आणि ड्रायव्हर त्याने खाली रस्त्यावरच ठेवले होते.

बुवांनी रिकाम्या सभामंडपाकडे एकवार पाहिलं.

“तू घाल.”

दुपारचे बारा होत आले होते. ह्या वेळेला राईतून कोणी जात नाही. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत झाडं इतकी दाट की अंधारच. मघापासून किड्यांची किरकिर कानात भरली होती… ती एकाएकी बंद झाली.

पुरुषोत्तमाने पाषाणापुढे नारळ ठेवला, हात जोडले. तोंड उघडल्यावर व्यासपीठावरचा आवाज आपोआप बाहेर आला.

“बा देवा म्हाराजा… आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा…”

“व्हय म्हाराजा!”

तो गर्रकन वळला.

मंडप रिकामा होता. चार खांब, एक वाळकं तोरण, फरशीवर पाचोळा. पाचोळ्यातलं पानही हललं नव्हतं.

बुवा रातांबे फोडत होते.

“बुवानू… कोण…?”

“थांबा नको. गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नसता.”

पुरुषोत्तमाने पुन्हा पाषाणाकडे तोंड केलं. पळावंसं वाटत होतं, पण पळायचं तर मंडपातूनच जावं लागणार होतं.

“…डिंगणकराक तिकीट गावला, तर तालुक्याचा भला होतला म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

गावजेवणाला जमावी तेवढी माणसं एका दमात बोलावीत, तसा आवाज. त्याच्या अंगावर काटा आला. आणि खरं सांगायचं तर गुदगुल्याही झाल्या. आयुष्यभर त्याला हाच आवाज आवडत आला होता. झालं, डिंगणकर ठरला, जिल्हाध्यक्षपद ठरलं. पण रीत म्हणून बाकीची दोन नावं घेणं भाग होतं.

“…तेजसाक तिकीट गावला, तर तालुक्याचा भला होतला म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!”

तेवढाच जोर, तीच माणसं.

तिसरं नाव घेण्याआधी पुरुषोत्तमाने पुढचा नारळ उगाच सरळ केला.

“…सुलभा मेस्त्रीक… तिकीट गावला तर…”

“व्हय म्हाराजा!”

ह्या वेळीही काडीचा फरक नव्हता. पण सगळे थांबल्यावर, मागच्या खांबाकडून, एकटाच एक आवाज आला. रेंगाळत, उशिरा.

“…व्हय… म्हाराजा.”

वसंत असाच मागे पडायचा. लहानपणापासून, प्रत्येक गाऱ्हाण्याला, सगळ्यांचं म्हणून झालं की मग हा म्हणायचा आणि गाव हसायचा.

पुरुषोत्तम मटकन खाली बसला. भीती वाटली की त्याला राग येत असे. आताही आला.

“तिघांकय व्हय? मगे ह्या गाऱ्हाण्याचो उपेग काय, बुवानू? शेंबड्या पोराक ईचारलंय आसतंय तरी कायतरी सांगल्यान आसता!”

बुवांनी सूप बाजूला सारलं. पंच्याला हात पुसले. हात काही गोरे झाले नाहीत. ते उठले.

“उठ. जागा बदल.”

“म्हंजे?”

“गाऱ्हाणा मी घालतंय. तू थय मंडपात जावन उभो रव.”

“थय?”

“थय.”

गेल्या वीस वर्षांत पुरुषोत्तमाला कोणी असं उठ-बस म्हटलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्याला शाखेच्या बैठकीत बघून घेतला असता. पण इथे तो निमूट उठला, मंडपात गेला आणि खांबाला पाठ लावून उभा राहिला. जागा मोकळी होती, तरी त्याने अंग चोरलं होतं. डाव्या खांद्याला गारवा लागत होता, ओल्या कपड्याचा लागतो तसा. तिकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं.

बुवांनी हात जोडले, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा… ह्या पुरशान तिघांकय शब्द दिल्यान…”

…

कोणी बोललं नाही.

पुरुषोत्तमाने वाट पाहिली. आता येईल, आता येईल. तो जथ्याचा आवाज आता त्याला चक्क हवासा वाटू लागला. कोणीतरी म्हणावं आणि आपण त्यात लपावं.

…

बुवा तसेच उभे होते. व्हय आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, हे ह्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“ह्या पुरशान,” बुवा पुन्हा म्हणाले, “तिघांकय शब्द दिल्यान म्हाराजा…”

पुरुषोत्तमाने तोंड उघडलं. माइक बंद पडला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जाणारा माणूस तो. त्याच्या तोंडून नुसती हवा आली. मग घसा खाकरून, खाली बघत, तो बोलला.

“व्हय म्हाराजा.”

एकट्याचा तो आवाज किती बारीक होता! त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं.

“…तेतूरलो पयलो शब्द वसंताच्या सरणाकडे दिल्यान, तेच्या बायलेक…”

पुरुषोत्तमाने दचकून वर पाहिलं. हे तिसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. धुरात तिच्या बाजूला उभं राहून तो हळूच म्हणाला होता, “पुढचा तिकीट तुझा, वयनी. शब्द माझो.” तिने मान हलवली होती, एवढंच. त्यानंतर बाजारात, सभेत, लग्नकार्यात कितीदा भेट झाली, पण तिने एकदाही त्याला आठवण करून दिली नाही. तिने भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटायचं.

“व्हय… म्हाराजा.”

“…तो शब्द अजून तिच्याकडेच आसा, म्हाराजा…”

आता मात्र त्याला रडू फुटलं. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीने त्याने डोळे पुसले, पण ते थांबेनात. तो रडतच म्हणाला, “व्हय म्हाराजा. व्हय.”

बुवांनी पाषाणाला हात लावून नमस्कार केला आणि ते पुन्हा रातांब्यांपाशी येऊन बसले.

रडू ओसरल्यावर पुरुषोत्तमाने विचारलं,

“आनी कौल, बुवानू?”

“कसलो?”

पुरुषोत्तम मंडपातून बाहेर आला, चपला शोधल्या. त्याच्या चालीतला रुबाब कुठे गेला होता कोण जाणे.

“फाल्यां उजाडल्यार सगळ्या शाखांका सांगतंय,” तो म्हणाला. “सुलभा म्हणान. डिंगणकर माका सोडूचो नाय. जिल्हाध्यक्ष ऱ्हवला बाजूक, आसलेला पदसुदा जायत.”

“जायत,” बुवा म्हणाले.

राईत किडे पुन्हा किरकिरू लागले होते. पुरुषोत्तम दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. विचारायचं नव्हतं, पण न विचारता त्याला झोप लागली नसती.

“बुवानू… माझ्या गाऱ्हाण्याक ते सगळे ‘व्हय’ म्हणत होते, ते कोण? तेंच्यात वसंत होतो काय?”

“सगळे कोण?”

“असा काय करतास? तुमी आयकलात मां? माझा तोंड तर बंद होता!”

बुवांनी हातातला रातांबा अंगठ्याने दाबून फोडला.

“माका तुझो एकट्याचोच आवाज येत होतो, पुरशा… पयल्यापासून.”