झाडूचा हात कुठवर पोचतो

फार जुनी गोष्ट आहे. घरातल्या वस्तू तेव्हा गप्प बसायला शिकल्या नव्हत्या. गोदाकाकूंच्या घरी जळमटं काढायचा लांब दांड्याचा एक झाडू होता. गांधीलमाशांची पोळी पाडणं हा त्याचा आवडता उद्योग. माशांनी दारावर पोळं केलं, त्याने पाडलं. खिडकीवर केलं, तेही पाडलं. मोरीच्या पत्र्याखालचं तर त्याने चहाच्या आधीच पाडलं.

शेवटी माशांची राणी त्याच्याकडे आली. "झाडूदादा, तुमचा हात पोचत नाही अशी एखादी जागा सांगा. आम्ही तिथे गुपचूप राहू."

झाडू फुगला. "या घरात तशी जागाच नाही. बघ शोधून."

राणीने तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी सकाळी झाडूला मानेमागे गुदगुल्या झाल्या. तिथे वाटीएवढं पोळं लटकत होतं. त्याने मान झटकली, अंग भिंतीला घासलं, पण पोळं हललं नाही.

"मावशी, मला दोन फटके मारता का?" तो कोपऱ्यातल्या केरसुणीला म्हणाला.

"कधीची इच्छा आहे रे," केरसुणी म्हणाली, "पण मी पडले बुटकी."

गोदाकाकू आल्या, पोळं बघून तशाच मागे फिरल्या आणि बाजारातून नवा झाडू घेऊन आल्या. नव्या झाडूने एका फटक्यात जुन्याच्या मानेवरचं पोळं पाडलं, सोबत जुन्याच्या चार काड्याही पाडल्या. मग ताठ उभा राहून म्हणाला, "या घरात माझा हात पोचत नाही अशी जागाच नाही."

राणीने त्याची मान नीट निरखली.

"ही जास्त हवेशीर आहे," ती बाकीच्या माशांना म्हणाली.