चंदनी बैठक

नदीकाठच्या एका गावात रंगाऱ्यांची पेठ होती. सकाळ झाली की घरोघरच्या अंगणात ओली कापडं वाळत पडायची. पेठेतल्या बायकांचे हात आज निळे, तर उद्या जांभळे. दिवसभर रंगात बुडालेली ही माणसं, पण त्यांच्या घरात पाऊल टाकलं तर पुढच्या खोलीत एकच रंग दिसायचा. तशी पेठेची रीतच होती. दर संक्रांतीला घरची बाई एक रंग निवडायची आणि पडद्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं कापड त्याच रंगाच्या छटांमध्ये बसवायची. एक छटा दुसरीत अशी मिसळली पाहिजे, की कुठे काय संपलं आणि कुठे काय सुरू झालं, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. जिथे ते कळायचं नाही, ती बैठक सगळ्यांत चांगली.

हळदीकुंकवाच्या दिवसांत बायका घरोघर जायच्या. तोंडात तिळगूळ असायचा आणि डोळे पडद्यांवर. भागीरथीकाकू या सगळ्यांच्या पुढारी. त्या ज्या बैठकीला चांगली म्हणतील, त्या घरच्या बाईला रथसप्तमीला देवळात पहिलं वाण मिळायचं. वाण म्हणजे काय, तर एक साधी पितळी वाटी. पण त्या वाटीसाठी पेठेतल्या बायका वर्षभर झुरायच्या.

कौसल्या त्यातलीच एक. तिला रंगांची जाण माहेराहून मिळाली होती. तिचे वडील तात्या नदीपलीकडच्या गावातले नावाजलेले रंगारी होते. रंगवलेलं कापड हातात घेतलं, की यात तुरटी कमी पडली आहे, हे ते बघताक्षणी सांगायचे. अशा माणसाची मुलगी, आणि तिला अजून एकदाही पहिलं वाण मिळालं नव्हतं. एका वर्षी लोडाचा गोंडा जरा गडद निघाला. एका वर्षी पडद्याच्या अस्तराने दगा दिला. भागीरथीकाकूंच्या नजरेतून यातलं काही सुटायचं नाही, आणि कौसल्येच्या मनातूनही ते जायचं नाही.

यंदा मात्र तिने कंबर कसली होती. तिने चंदनी रंग धरला. पडदे चंदनी, दिवाणावरची गादी सायीच्या रंगाची, लोड बदामी, तिवईवरचं कापड मोतिया, खाली अंथरलेली सतरंजी फिकट गव्हाळ. भिंतीलाही तिने मातीत चुना कालवून तसाच हात दिला. माजघरातून पुढच्या खोलीत उतरायला एक पायरी होती. तिच्यावरही तिने त्याच सतरंजीचा तुकडा बसवला. खोली अशी जमून आली, की बघणाऱ्याने बघतच राहावं.

"सुंदर आहे," तिचा नवरा मुकुंद म्हणाला. "फक्त माझा धुतलेला सदरा कुठे ठेवला आहेस, तेवढं सांग. सकाळपासून तो याच खोलीत आहे आणि मला सापडत नाही."

कौसल्येने दिवाणावरचा सदरा उचलून त्याच्या हातात दिला. थट्टा तिला आवडली नाही.

तिला खरी काळजी तात्यांची होती. आई गेल्यापासून ते पलीकडच्या गावात एकटे राहत होते. दिवाळीनंतर चुलीवरचं भांडं उतरवताना त्यांचा हात भाजला. "लक्ष नव्हतं," एवढंच ते म्हणाले. कौसल्या जाऊन त्यांना घरी घेऊन आली. आता तुम्ही इथेच राहायचं, असं तिने त्यांना निक्षून सांगितलं. तात्या हो म्हणाले, पण त्यांचा पाय काही घरात ठरेना.

पुढच्या खोलीत ते बसायचेच नाहीत. कौसल्या दिवाणावर लोड लावून द्यायची, आणि तात्या भिंतीच्या कडेकडेने मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसायचे. उन्हं वर येईपर्यंत तिथेच. चहासुद्धा तिथेच मागायचे. एकदा तिने आग्रहाने पुढे बसवलं, तर त्यांनी कप तिवईच्या कडेवर ठेवला आणि तो खाली पडला. नव्या सतरंजीवर डाग पडला. "हात थरथरतो गं," ते म्हणाले आणि पुन्हा मागे गेले.

कौसल्येला हे लागलं. लोक काय म्हणतील? लेक मऊ गादीवर बसते आणि बापाला धुण्याच्या दगडावर बसवते! त्याहून आत एक बारीक सल होता. आपली बैठक तात्यांना आवडली नसावी. आयुष्यभर त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायला ती आसुसलेली होती. यंदा ती मिळेल असं तिला वाटलं होतं. तात्या तर खोलीकडे बघायलाही तयार नव्हते.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी ती गादीवरची सुरकुती काढत होती. तेवढ्यात तात्या माजघराच्या दारात आले. हातात कपड्यांची पिशवी होती.

"कौसल्ये, मी परवा निघतो म्हणतो. माझ्या खोलीत मला बरं वाटतं."

"एकटे? आणि चुलीपाशी पुन्हा हात भाजला म्हणजे?"

"नाही भाजत. तिथलं सगळं माझ्या हातातलं आहे."

असं म्हणत ते पुढे आले. त्यांनी पायरीवर पाय ठेवलाच नाही. पाय अधांतरी पडला, पिशवी एकीकडे गेली, आणि तात्या सतरंजीवर गुडघ्यांवर आदळले. कौसल्या धावली. तिने धरायच्या आत त्यांनी उठण्यासाठी दिवाणाचा आधार शोधला. दिवाण अगदी हाताशी होता, पण त्यांचा हात मोकळ्या जागेतच फिरत राहिला. मग बोटं गादीला लागली. त्यांनी कड चाचपली आणि मगच ते बसले.

कौसल्या त्यांच्याकडे बघत उभी राहिली. तिला सगळं एकदम समजलं.

"तात्या, तुम्हाला दिसत नाही?"

तात्यांनी गादीची कड घट्ट धरली. मग म्हणाले, "दिसतं. पण एकात एक झालेलं दिसतं. फिकट सगळं सारखंच. सायीवर दूध सांडावं तसं. तुझ्या या खोलीत मला गादी कुठे आणि जमीन कुठे, ते कळत नाही. मागचा दगड काळा आहे आणि भिंत पांढरी आहे. तिथे बसायचं कुठे, ते मला दिसतं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? रंगाऱ्याची नजर गेली म्हणून? वैद्यबुवांनी सांगितलं, याहून वाढणार नाही पण सुधारणारही नाही. लोकांनी ज्याला कापड दाखवून रंग विचारला, त्याला आता कड दिसत नाही. हे कुणाला सांगायची मला लाज वाटली."

कौसल्येला रडू आलं. आपण बापाला मऊ गादी दिली आणि तिथवर जायची वाट पुसून टाकली, हे तिच्या मनाला फार लागलं.

तात्यांनीच तिची समजूत काढली. "उद्या तुझ्याकडे बायका यायच्या आहेत. इतकी राबली आहेस. उद्याचा दिवस पार पडू दे. मी मागे बसतो. मग परवा मला पोचवून दे."

कौसल्या हो म्हणाली. खोटं कशाला सांगा, तिला ते सोयीचंच वाटलं. एका दिवसाचा तर प्रश्न होता. वाण मिळालं की दुसऱ्याच दिवशी सगळं बदलू आणि तात्यांना ठेवून घेऊ, असा तिने हिशेब केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांगोळी काढून आत आली, तेव्हा तात्या मागच्या दाराकडे निघाले होते. एक हात भिंतीवर, दुसरा पुढे धरलेला. आपल्याच लेकीच्या घरात ते परक्याच्या घरात शिरल्यासारखे चालले होते. बायका यायच्या आत त्यांना नजरेआड व्हायचं होतं. कौसल्येसाठी ते स्वतःला लपवत होते.

ती तशीच आत गेली आणि तिने रंगवलेल्या कापडांची पेटी ओढत पुढच्या खोलीत आणली.

"तात्या, इकडे या. मला बैठक लावायला मदत करा."

"अगं, लावलेली आहे ना?"

"ती तुमच्यासाठी नव्हती लावलेली."

तिने त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि एकेक कापड गादीवर टाकायला सुरुवात केली. अबोली टाकलं. तात्यांनी मान हलवली. गुलाबी टाकलं. "धूसर आहे." मग तिने डाळिंबी रंगाची चादर पसरली. तात्या पुढे झुकले.

"हे दिसतं. गादीची चारही टोकं दिसतात."

"आणि लोड?"

"लोडाला जांभळा नको. डाळिंबी आणि जांभळा एकमेकांत बुडतात. पिवळा घाल. नुसता हळदीसारखा नको, लिंबाच्या सालीसारखा घाल."

हे बोलताना त्यांचा आवाज बदलला होता. पलीकडच्या गावात कढईपाशी उभे राहून हुकूम सोडणारे तात्या तिला पुन्हा दिसले. तिवईला त्यांनी गर्द निळं कापड सांगितलं, कारण पांढरा कप त्यावर उठून दिसतो. चंदनी पडदे त्यांनी तसेच ठेवायला लावले. "पडद्याला कुणी धडकत नाही. तो राहू दे तुझ्या आवडीचा." पायरीच्या कडेला कौसल्येने काळ्या कापडाची पट्टी घाईघाईने टाचली.

दुपार होईतो खोली पार बदलून गेली. नजर एका रंगावरून दुसऱ्यावर ठेचकाळत जावी अशी. कौसल्येने दारात उभं राहून पाहिलं. वर्षभराची मेहनत पेटीत गेली होती.

बायका आल्या. भागीरथीकाकू सगळ्यांच्या पुढे होत्या. उंबऱ्यातच त्या थबकल्या.

"अगं कौसल्या, ही बैठक आहे की बोहारणीचं गाठोडं?"

बायका हसल्या. एक हळूच म्हणाली, "आणि हिचे वडील म्हणे मोठे रंगारी!"

कौसल्येचं तोंड उतरलं. वाण गेलं, ते तिला त्याच क्षणी कळलं. वाईटही वाटलं. वाईट वाटलं नाही असं म्हणण्याइतकी ती साधू नव्हती. पण तिने हळदीकुंकवाची कुयरी हातात घेतली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, आमच्या तात्यांना फिकट रंग दिसत नाहीत. म्हणून यंदा त्यांना दिसतील ते रंग लावले. या, बसा."

काकू गादीवर टेकल्या, पण कौतुकाचा शब्द त्यांनी काढला नाही. रीत ती रीत. पहिलं वाण पलीकडच्या आळीत जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

तेवढ्यात माजघराच्या दारात तात्या उभे राहिले. त्यांच्या हातात तिळगुळाचं ताट होतं. ते त्यांना कुणी आणायला सांगितलं नव्हतं. बायकांनी पदर सावरले. तात्यांनी खाली पाहिलं, पायरी बेताने उतरले, सतरंजीवरून चालत दिवाणापाशी आले आणि ताट निळ्या तिवईवर बरोबर मधोमध ठेवलं. भिंतीला हात न लावता. मग वळून पुन्हा पायरीकडे पाहिलं आणि भर बायकांत जुन्या ठसक्यात म्हणाले,

"कौसल्ये, पट्टी डावीकडे बोटभर वाकडी टाचली आहेस. उद्या सकाळी उसवून दे मला. मी समोर बसून सरळ लावून घेतो तुझ्याकडून."

उद्या सकाळी ते पलीकडच्या गावाला जायचे होते.

कौसल्येला हसूही आलं आणि डोळेही भरले. आजवर तिच्या बैठकीतल्या पुष्कळ चुका पुष्कळांनी दाखवल्या होत्या. पण चूक दाखवणाऱ्याच्या पाया पडावंसं तिला आजच वाटलं, आणि बायकांसमोरच ती वाकली.

तात्पर्य: घरात रंग मांडताना पाहुण्याला काय आवडेल हे मागाहून बघावं, त्या घरात ज्याला रोज चालायचं आहे, त्याला काय दिसतं हे आधी विचारावं.